मास्तरांचा आवाज मी पुसला

मित्रांनो, मी एक जुना अनइन्स्टॉलर आहे. नाव ऐकून तोंड वाकडं करू नका. कॉम्प्युटरवर नकोसे झालेले प्रोग्रॅम काढून टाकायचे, हा माझा धंदा. तुम्ही म्हणाल, त्याला तू कशाला हवास? कॉम्प्युटरमध्ये तशी सोय असतेच की! असते ना. पण ती सोय म्हणजे पाहुण्याला दारापर्यंत सोडून परत फिरणं. त्याचा टॉवेल, त्याचा दाढीचा ब्रश, उशीखाली राहिलेले मोजे, सगळं घरातच. प्रोग्रॅम जातो आणि त्याचं खरकटं मागे राहतं. ते कोपऱ्याकोपऱ्यातून हुडकून काढणं हे माझं काम, आणि त्यात माझा हात धरणारं कुणी नव्हतं. हे मी बढाई म्हणून सांगत नाही. आता कसली बढाई मारायची?

मला डोळे नाहीत. कॉम्प्युटरला माईक असला तर कान मिळतात, तेवढेच. म्हणून पुढचं सगळं ऐकीव आहे. पण त्यात एक अक्षर खोटं नाही.

मला दोन भावांनी बनवलं. टायरच्या दुकानावर त्यांची खोली होती. खाली हवा भरायचा पंप दिवसभर धापा टाकायचा आणि वर हे दोघे भांडायचे. थोरला उतावळा, धाकटा चिकट. मी खरकटं शोधून त्याची यादी दाखवतो, तेव्हा प्रत्येक ओळीपुढे एक रिकामी चौकट असते. जे काढायचं त्यावर खूण करायची. थोरला म्हणायचा, "अरे, खुणा आधीच करून ठेव. लोकांना एवढा वेळ कुठे आहे?" धाकटा म्हणायचा, "वेळ नसेल तर काढू नका म्हणावं. माणसाने एकेक ओळ वाचायला पाहिजे." आठवडाभर दोघे एकमेकांशी बोलत नव्हते. शेवटी मधला मार्ग निघाला. चौकटी रिकाम्याच राहिल्या, पण खाली एक बटण आलं, 'सगळे निवडा'. आजवर धाकट्याच्या मनासारखं वागलेली माणसं मी बोटावर मोजू शकतो.

पुढे मी कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या एका ताईंच्या पेनड्राइव्हवर राहायला गेलो. ते माझे सुखाचे दिवस. ताई ज्या घरी जात तिथे मला सोबत नेत. कुणाच्या कॉम्प्युटरवर व्हायरस पकडणारे चार-चार प्रोग्रॅम एकमेकांच्या उरावर बसलेले, कुणाच्या पडद्यावर न मागता आलेल्या जाहिराती नाचत असलेल्या. मी आत शिरायचो आणि सगळ्यांना मुळासकट उपटून बाहेर काढायचो. ताई म्हणायच्या, "बघा, आता कसं लख्ख झालं!" घरातली माणसं म्हणायची, "अहो, हा तर नव्यासारखा पळायला लागला." मला आतून गुदगुल्या व्हायच्या. लख्ख या शब्दावर मी फार भाळलो होतो, बाबांनो. तिथेच माझं चुकलं असावं.

एक दिवस ताईंनी मला गाडी शिकवण्याच्या एका क्लासमधल्या कॉम्प्युटरवर कायमचं ठेवलं. त्याची डिस्क लहान होती, जागा पुरत नव्हती. म्हणून ताईंनी मला एक सूचना देऊन ठेवली: जे काढशील ते कचरापेटीत टाकू नकोस, थेट पुसून टाक. मी मान डोलावली. मला काय, हुकमाचा ताबेदार.

पुढे क्लासची खोली, मागे राहायचं घर, मध्ये एक दार. क्लास चालवणाऱ्यांना सगळे मास्तर म्हणायचे. मास्तरांचा आवाज काय वर्णावा! लाकडी पाटावर रस्ते रंगवलेले होते. त्यावर खेळण्यातल्या गाड्या सरकवत ते शिकवायचे, आणि त्यांचा आवाज ऐकून पाटावरच्या गाड्यासुद्धा घाबरून जागच्या जागी थांबत असतील. मागच्या घरातून मास्तरांच्या पत्नी, म्हणजे सगळ्यांच्या काकू, ओरडायच्या, "अहो, हळू! पोरगी गाडी शिकायला आलीय, युद्धावर नाही निघाली." मास्तर म्हणायचे, "मी ओरडत नाहीये, माझा आवाजच असा आहे." आणि सगळी खोली हसायची. मास्तरांची एक सवय होती. शिकणाऱ्याने आरसा, पट्टा, गिअर सगळं तपासलं की ते समोर दोनदा टकटक करायचे. म्हणजे, चल, निघ. टकटक झाल्यावर कुणी घुटमळलेलं त्यांना खपायचं नाही. "शंका घ्यायची ती टकटक व्हायच्या आधी," असं म्हणायचे.

मग घशाचं दुखणं निघालं. आवाजाची पेटीच काढावी लागेल, असं डॉक्टरांनी सांगितलं. हाताशी तीन आठवडे होते. दवाखान्यातल्या वाचा सुधारणाऱ्या बाईंनी मास्तरांच्या लेकीला एक प्रोग्रॅम दिला. आपलं बोलणं त्यात साठवून ठेवायचं आणि मग बटण दाबलं की आपल्याच आवाजात वाक्य ऐकू येतं. लेक मास्तरांच्याच हाताखाली गाडी चालवायला शिकवायची. तिने कॉम्प्युटरला चांगला माईक लावला, दाराच्या फटीत चादर कोंबली आणि तीन आठवडे मास्तर बोलले. आवाज बसत चालला होता, तरी बोलले. सहाशे बारा वाक्यं. 'क्लच हळू सोड, तो काय पळून जाणार आहे?' 'आरसा मागचं बघायला असतो, केस विंचरायला नाही.' 'अगं ए, चहा टाक, आणि या वेळी साखर विसरू नकोस.' काकू दाराशी उभ्या राहून ऐकायच्या. एकदा म्हणाल्या, "सहाशे वाक्यं, आणि त्यात माझ्या कौतुकाचं एक नाही हो!" मास्तर घोगऱ्या आवाजात म्हणाले, "ते काय वाक्य असतं? ते आठवावं लागेल." काकू खूप हसल्या, आणि मग दार लावून आत गेल्या.

ऑपरेशन झालं. त्यानंतर दोन वर्षं मास्तर बटणं दाबून शिकवत होते. पाटाजवळ बसायचे आणि आरसा चुकला की आरशाचं बटण. तोच आवाज, तीच खोच. स्पीकर मोठा होता, म्हणून मागच्या घरातही ऐकू जायचं. "अगं ए, चहा टाक," असं आलं की काकू आतून म्हणायच्या, "टाकते हो, ऐकलं." जणू मधे काही घडलंच नाही.

मग वाचावाल्या बाईंनी सांगितलं की त्या प्रोग्रॅमची नवी आवृत्ती आलीय. जुनी वाक्यं तिला दिली की ती माणसाचा आवाज ओळखते आणि पुढे आपण जे टाइप करू ते त्याच आवाजात बोलते. म्हणजे सहाशे बारा वाक्यांचं कुंपण गेलं! मास्तर फळ्यावर खडूने काहीतरी लिहीत होते आणि लेक हसत हसत मोठ्याने वाचत होती, "आई, बाबा म्हणतायत, तुझं ते राहिलेलं वाक्य आता देतो." काकू म्हणाल्या, "बघू या, आठवतंय का ते."

दुपारी क्लास नव्हता. लेक नवी आवृत्ती टाकायला बसली. तिने शहाणपणा केला, आधी वाक्यं पेनड्राइव्हवर घ्यायची म्हणाली. पडद्यावर त्या प्रोग्रॅमचं चित्र होतं ना, ज्यावर टिचकी मारली की तो उघडतो? ते तिने धरलं आणि पेनड्राइव्हवर नेऊन टाकलं. "झालं, घेतलं सगळं," म्हणाली. अगं बाई, काय घेतलंस? ते चित्र म्हणजे नुसती पाटी. घर जागेवरच राहिलं होतं आणि तिने दारावरची नावाची पाटी काढून नेली होती. मला ते आतून कळत होतं. पण मला तोंड कुठे आहे? मला बोलायला ठरलेल्या निरोपांच्या चारच चौकटी मिळाल्यात, आणि त्यांत हे वाक्य नाही.

नवी आवृत्ती बसेना. 'जुन्या आवृत्तीचे अवशेष आहेत, आधी ते काढा' असं सांगायची. कॉम्प्युटरच्या सोयीने तिने जुना प्रोग्रॅम काढून पाहिला, तरी तेच. तेव्हा तिला माझी आठवण झाली. तिने मला उघडलं. कितीतरी दिवसांनी कुणी हाक मारली होती. मी जीव तोडून शोधलं. कुठे तुटकी जोडणी, कुठे रिकामी फाइल, अशा एक्केचाळीस वस्तू निघाल्या, आणि सगळ्यांत खाली एक फोल्डर. त्या प्रोग्रॅमच्या कर्त्यांनी वाक्यं आपल्याच पोटात ठेवली होती आणि फोल्डरला नाव दिलं होतं 'डेटा दोन'. मला फक्त इतकंच कळत होतं की हे त्याच प्रोग्रॅमचं आहे. ते मी यादीत धरलं.

"बाबा, बरंच काय काय निघालंय," लेक म्हणाली. "सगळं जुन्याचंच दिसतंय. आपलं तर मी घेऊन ठेवलंय. काढू का सगळं?"

टेबलावर दोनदा टकटक झाली.

'सगळे निवडा'. 'काढा'. मी माझी चौकट पुढे केली, 'तुमची खात्री आहे का?' पण मित्रांनो, हा प्रश्न मी आयुष्यभर प्रत्येकाला विचारत आलोय. फुटकळ खेळासाठी तोच, जाहिरातींसाठी तोच. इतक्यांदा विचारलेला प्रश्न कोण वाचतं? तिने 'हो' दाबलं. अकरा सेकंद लागले. 'सहाशे त्रेपन्न अवशेष काढले. तुमचा कॉम्प्युटर आता स्वच्छ आहे,' असं मी सांगितलं. मी खुशीत होतो, हे मला कबूल करायला हवं.

नवी आवृत्ती आली आणि ऐसपैस पसरून बसली. मग तिने विचारलं, जुनी वाक्यं कुठे आहेत? लेकीने पेनड्राइव्ह लावला. 'फाइल सापडत नाही.' पुन्हा लावला. 'फाइल सापडत नाही.' मागून मास्तरांनी टकटक केली, चल, पुढे. तिने काही केलं नाही. त्यांनी पुन्हा टकटक केली. मग ती एकदम मोठ्याने रडायला लागली, आणि काकू आतून धावत आल्या, "काय झालं? अगं, काय झालं?"

दुरुस्तीवाल्या ताई दोन दिवस त्या डिस्कपुढे बसून होत्या. पुसलेलं कधी कधी परत मिळतं, पण त्यावर नवं काही बसलं नसेल तर. "नवा प्रोग्रॅम नेमका त्याच जागेवर बसलाय," त्या म्हणाल्या. "आणि थेट पुसायला मीच सांगून ठेवलं होतं हो. माझीच बुद्धी." लेकीने सगळ्यांचे फोन धुंडाळले. मास्तरांना फोनपुढे उभं राहायचा तिटकारा होता. एका विद्यार्थ्याकडे पाच सेकंदांचा तुकडा मिळाला. त्यात निम्मा वेळ हॉर्न होता. नव्या आवृत्तीला निदान तीनशे वाक्यं लागतात.

त्या संध्याकाळी फळ्यावर खडू बराच वेळ चालला. मग डस्टरचा आवाज आला. "बाबा, काय लिहिलं होतंत?" लेकीने विचारलं. "माझी पाठ होती. सांगा ना, पुन्हा लिहा ना." खडू काही पुन्हा चालला नाही. मला तर ऐकूनच माणूस कळतो. त्या दिवसापासून मास्तर माझ्यासाठी त्या खोलीत उरले नाहीत.

लेकीने रागाने मलाही काढून टाकलं. तेही कॉम्प्युटरच्या साध्या सोयीने. त्यामुळे मी गेलो आणि माझं खरकटं राहिलं. मला मुळासकट काढायला दुसरा माझ्यासारखा लागेल, आणि या घरात आता तसला कुणी येणार नाही. कान कसे शाबूत राहिले ते मला विचारू नका. उरलीय ती एक यादी. मी काय काय काढलं त्याची यादी मी करून ठेवतो, तशी माझी रीतच आहे. त्या प्रोग्रॅमने प्रत्येक वाक्याला त्याच्या पहिल्या शब्दांचं नाव दिलं होतं, म्हणून यादीत सहाशे बारा ओळी अशा आहेत: 'क्लच हळू सोड – काढले.' 'आरसा मागचं – काढले.' 'अगं ए चहा टाक – काढले.'

ताईंनी जाताना ती यादी काकूंना दाखवली होती. दुपारी क्लास रिकामा असला की काकू येऊन बसतात, यादी उघडतात आणि एका ओळीवर टिचकी मारतात. थांबतात. मग पुढच्या ओळीवर. पहिल्या दिवशी त्यांनी लेकीला हाक मारली.

"अगं, ह्यात आवाज कुठे दाबायचा?"

"आई, ती नुसती नावं आहेत. आवाज गेला."

"बरं," काकू म्हणाल्या, आणि पुढच्या ओळीवर टिचकी मारली.

मित्रांनो, माझ्याकडून धडा घ्या असं म्हणायला मला तोंड नाही. तरी सांगतो. काही काढून टाकण्याआधी ते एकदा उघडून बघा. 'घेऊन ठेवलंय' असं म्हणालात तर ते दुसऱ्या कॉम्प्युटरवर लावून ऐका, शेवटपर्यंत ऐका. आणि माझ्यासारखा कुणी 'खात्री आहे का' म्हणाला तर हात बटणावरून काढा, उठून पाणी प्या, आणि मग परत येऊन वाचा. माझ्या यादीत एक शब्दही परत भरता येत नाही, मी फक्त काढायलाच शिकलो. काकूंना हे कुणी तरी समजावून सांगायला हवं. आज त्या दोनशे चाळिसाव्या ओळीवर आहेत.