हुरड्याची गाडी

"पाहुण्याला हुरडा न्यायला गाडी? पाहुणे काय आजारी हायेत का?"

माझ्या सासूबाई, केशरबाई, चुलीपुढं माझ्या कानाशी पुटपुटल्या. बाहेर अंगणात आमचे हे, सूर्यभानराव, मोडक्या बाजेची लाकडं कापत होते. चार चाकं भंगारातून आणलेली, लहान पोरांच्या सायकलींची. वर एक फळी, खाली एक फळी. वरती हुरडा, चटणी, दही. खाली पाण्याची कळशी.

"आवो आत्याबाई, हुरडा भाजायच्या आगटीपासून लिंबाच्या सावलीपस्तोर लय लांब पडतंय," मी म्हणाले. "आपल्यालाच सोपं."

"आपल्याला," त्या म्हणाल्या आणि भाकरी जरा जास्तच जोरात थापू लागल्या.

खरं कारण मागच्या साली घडलं होतं. सासूबाई हुरड्याचं ताट घेऊन निघाल्या, गुडघा लचकला, आणि ताट चटणीसकट ढेकळांत. "कुत्रं आडवं आलं," त्या म्हणाल्या. मग आम्ही सगळ्यांनी मिळून कुत्र्याला हाकललं. ह्यांनी तर चिडून ढेकूळसुद्धा फेकलं. कुत्रं तिथं नव्हतंच.

तेव्हापासून त्या घरात भिंत धरून चालतात आणि आम्ही भिंतीकडं बघत नाही. काठी आणून दिली, तर त्या काठीनं कोंबड्या हाकतात.

यंदा आमच्या ज्ञानेश्वरीच्या सासरचे जिंतूरहून पहिल्यांदाच हुरड्याला येणार होते. विहिणीपुढं पहिला घास घरातल्या थोरलीनं स्वतःच्या हातानं नेऊन ठेवायचा, ही आमच्या घरची रीत. "माय, तू खुर्चीवर बस, आमी वाढताव," असं हे एकदाच म्हणाले.

"मग मी घरीच राहते. ते काय मला बघाय यायलेत?"

आणि आमच्या सासूबाई घरी राहते म्हणाल्या की राहतातच. म्हणून ही गाडी. नाव मात्र पाहुण्यांचं.

त्या दिवशी सकाळीच शेतात गेलो. पायवाट आधीच चोपून घेतली होती. ह्यांनी गाडीवरचं पोतं ओढून काढलं आणि ज्ञानेश्वरी, जी आदल्या दिवशीच माहेरी आली होती, ती हसून हसून खालीच बसली. गाडीला पुढं दांडी, दांडीच्या टोकाला आडवं लाकूड. थेट जू! जन्मभर बैलगाडी हाकलेला माणूस. गाडी पुढूनच ओढायची असते, दुसरं काही त्यांच्या डोक्यात येणार कुठून?

"बाबा, आज्जीला जुंपताव का काय?"

"गप गं. माय, वढून तर बघ. लोण्यावाणी चालती."

सासूबाईंनी आडवं लाकूड धरलं. दोन पावलं टाकली. लिंबाकडं तोंड करून, गाडी मागं, हात मागं, धरायला पुढं काहीच नाही. तिसऱ्या पावलाला चाक टाचेला लागलं. त्या डुलल्या. मी धावले, पण त्या आपल्याच सावरल्या.

तेवढ्यात बांधापाशी जीप थांबली.

"चाकं लहान पडली," हे घाईनं म्हणाले.

"जमीनच वर-खाली हाय," मी म्हणाले.

"दही पातळ झालंय, त्यानं डुलायलंय," ज्ञानेश्वरी म्हणाली. बिचारीला दुसरं काही सुचलं नाही.

विहीणबाई उतरून पदर सावरत पार जवळ आल्या होत्या. सासूबाईंनी एकदा त्यांच्याकडं पाहिलं, एकदा आम्हा तिघांकडं, आणि दांडी सोडून दिली.

"सूर्यभान, ही दांडी काढ अन् मागं लाव. माझ्या कमरेइतकी वर."

"मागं? माय, मागून गाडी कोण—"

"मला वढायची न्हाई लेका, धरून चालायचंय. तू चालाय शिकायलास तवा तुझ्या बापानं केलता न्हाई का, पांगुळगाडा? तसा कर." मग विहीणबाईंनाही ऐकू जाईल असं म्हणाल्या, "मला आता धरल्याबिगर चालता येत न्हाई."