मालिकेतली आई

मालिका लिहिणाऱ्यांचा संप सुरू झाला आणि मी मुंबईहून कवठे महांकाळला घरी आले. रोज संध्याकाळी सातला लागणारी एक मालिका मीच लिहिते. आई ती एक दिवस चुकवत नाही, पण कौतुकाचा शब्द काही तिच्या तोंडून निघत नाही.

वाहिनीनं आधी जुनेच भाग दाखवले. मग कुणीतरी संप मोडून लिहायला बसला आणि नवा भाग लागला. माझं डोकंच फिरलं.

"बंद कर ते," मी म्हणाले. आईनं रिमोट पदराखाली घेतला.

पडद्यावर लेक नोकरीच्या गावाला परत निघाली होती आणि तिची आई दाराला टेकून हुंदके देत होती.

"आता ही का रडाय लागली?" आई करवादली. "लेक निघाली की ही भांडती. भडंगाचा डबा न्हे म्हणून भांडती, स्वेटर घाल म्हणून भांडती. यष्टी हलंस्तवर हिचं तोंड बंद नसतंय."

त्या बाईची सगळी भांडणं मीच लिहिली होती. ती कुठून उचलली, हे आईच्या कधी लक्षात आलं नसेल, असं मी धरून चालले होते.

आईनं टीव्ही बंद केला. माझ्याकडं न बघताच म्हणाली, "मिटवा बाई तुमचा संप लौकर. मलाच असं रडताना मला बघवंना."