चालता धोंडा

जुन्या दगडखाणीच्या टप्प्यांवर सकाळी नऊलाच मुंगीला शिरायला जागा नव्हती. छत्र्या उघडून, पाण्याच्या बाटल्या मांडीत धरून माणसं खेटून बसली होती, आणि सगळ्यांचे डोळे खाणीच्या तळाशी ठेवलेल्या एका काळ्या धोंड्यावर खिळले होते. घागरीहून मोठा धोंडा. चार सेवेकऱ्यांनी तो फळीवरून वाहून आणला तेव्हा चौघांचे गुडघे लटलटत होते आणि एकजण तर मोठ्यानं कण्हत होता. धोंड्याला खालून काळ्या कापडाची झालर नेसवलेली.

"हा पाषाण नाही, पाहुणा आहे!" पाषाणबाबा माईकवर म्हणाले. अंगावर इस्त्रीचा पांढराशुभ्र झगा, हातात चार अंगठ्या. "हा चालतो, हा ऐकतो, हा ओळखतो! पण हात लावाल तर तिथल्या तिथे रक्त ओकाल. विज्ञान इथे पायताण काढून उभं आहे, मंडळी!"

ढोल वाजू लागला. आणि धोंडा हलला.

आधी नुसता थरथरला, मग एका पुऱ्या वीतभर उंच खडकाला भिडला, क्षणभर थबकला, आणि सावकाश, एखादी गरोदर म्हैस जिना चढावी तसा, वर चढला. बायका हुंदके देऊ लागल्या. माझ्यासमोर देव चालतोय, असं एकजण शेजारच्याला गदागदा हलवून सांगत होता.

या गर्दीत मिस्त्रीणबाई बसली होती ती केवळ मोठ्या बहिणीसाठी. मिक्सर, पंखे, पाण्याचे पंप दुरुस्त करायचं तिचं दुकान. खरं नाव बँकेच्या पासबुकाशिवाय कुठे वापरात नव्हतं. आई गेल्यावर ताईनंच शिवणकाम करून तिला वाढवलं होतं. त्या ताईला वीस वर्षं साखरेचा आजार, रोज इन्शुलिनची सुई. सुयांना ती विटली होती.

धोंडा टप्पे चढत आला आणि ताईच्या पावलांपाशी थांबला.

बाबांनी डोळे मिटले. "माई, रक्तात गोडवा शिरलाय ना? रोज टोचून घेतेस ना? शिलाई यंत्रावर पाय दुखतात ना?"

ताईनं हात जोडले.

"औषध आणि हा पाहुणा एका घरात राहत नाहीत. एकाला बाहेर काढ!"

खाणीच्या कडेला एक खड्डा होता. त्यात गोळ्यांची पाकिटं, बाटल्या, श्वासाचे पंप यांचा खच पडलेला. ताईनं पिशवीतून इन्शुलिन काढलं आणि मिस्त्रीणबाईनं मनगट धरायच्या आत खड्ड्यात टाकून दिलं.

"ताई, डोकं ठिकाणावर आहे का तुझं?"

"त्यांना कसं कळलं मग? माझं यंत्र, माझे पाय? मी काय त्यांच्या कानात सांगायला गेले होते?"

"कुणीतरी सांगितलं असेल."

"तुला सगळीकडे स्क्रूच दिसतात," ताई म्हणाली, आणि फाटकाकडे चालू लागली.

मिस्त्रीणबाईनं नवीन इन्शुलिन आणून फ्रिजमध्ये ठेवलं. ताईनं ते केराच्या डब्यात टाकलं. दुसऱ्या दिवशी ताई सारखं पाणी पीत होती. तिसऱ्या दिवशी ओकाऱ्या सुरू झाल्या, श्वास लांब लांब, त्याला सडक्या फळांचा वास. मिस्त्रीणबाईनं तिला रिक्षात घालून हॉस्पिटलात नेलं. डॉक्टरीणबाईंनी एक नजर टाकली आणि खाट आत घ्यायला सांगितली.

"आणखी थोडा उशीर केला असता तर हात टेकले असते मी," त्या नंतर म्हणाल्या. "या महिन्यातली ही चौथी. त्या खाणीतूनच ना? एकीला नाही वाचवता आलं."

ताईच्या उशाशी स्टुलावर बसल्या बसल्या मिस्त्रीणबाईच्या कानात तो ढोल पुन्हा वाजू लागला. आणि ढोलाच्या दोन थापांमधला तो बारीक आवाज. चर्र… चर्र. खडकाला भिडताना खाली उतरणारा, चढताना पुन्हा वर जाणारा. हा आवाज कुठेतरी ऐकलाय, असं तिला खाणीतही वाटलं होतं. आता आठवलं.

तिनं तो आवाज नुसता ऐकला नव्हता. तिनं तो घडवला होता.

मिस्त्रीणबाईला एकच नाद होता: खडक चढणाऱ्या रिमोटच्या गाड्या. शर्यतीच्या सुसाट गाड्यांचा तिला कंटाळा. तिची गाडी गोगलगाईसारखी चालायची, पण भिंतीसारख्या दगडावर चढायची. आठ महिन्यांपूर्वी एक गोडबोल्या दुकानात आला होता. डोंगरात चित्रीकरण करायचंय, गाडीवर कॅमेरा बसवायचाय, म्हणाला. वर मोठा साचा बसेल, त्याचं वजन पेलायला हवं. आणि आवाज अजिबात नको.

नादापायी तिनं जीव ओतला. मोटर आणि चाकांच्या मधली दातेरी चक्रं बदलून वेग अगदी कमी केला आणि जोर कितीतरी पटींनी वाढवला. एक चाक हवेत गेलं तरी उरलेल्या तिन्ही चाकांनी खेचावं म्हणून डावं-उजवं चाक एकत्र बांधून टाकलं. पुढच्या चाकांत पितळेची जड कडी बसवली, म्हणजे वजन जमिनीलगत राहतं आणि चढावर गाडी मागे कोलांटी खात नाही. टायर मऊ रबराचे घेतले, आतला फोम स्वतः कातरला, म्हणजे ते दगडाला हातासारखे धरतात. सगळं झाल्यावर गोडबोल्यानं टाळ्या वाजवल्या होत्या. "बाई, तुमच्या हातात जादू आहे!" आणि ती, मूर्ख, खूश झाली होती.

आता तिला स्वतःच्या त्या दोन हातांची किळस आली. हॉस्पिटलच्या बेसिनवर तिनं ते दोनदा साबणानं धुतले.

रविवारी ती एकटीच खाणीवर गेली.

फाटकाशी पाण्याच्या टाकीजवळ एक गोड चेहऱ्याची सेवेकरीण येणाऱ्या प्रत्येकाला पाणी देत होती. "दमलात ना? काय त्रास आहे हो? घरी कोण कोण?" गेल्या वेळी ताई हिच्यापाशीच दहा मिनिटं बोलत उभी होती. पायदुखी, शिलाई यंत्र, सुया, सगळं हिच्याच पदरात टाकलं होतं.

मिस्त्रीणबाईनं तोंड पाडलं. "पोटात गाठ आहे हो माझ्या. नवरा टाकून गेला. एकटीच आहे."

तिचं लग्न झालं नव्हतं, आणि पोटात सकाळच्या चहाखेरीज काही नव्हतं.

"बसा अगदी पुढे," सेवेकरीण कळवळून म्हणाली. "ही निळी छत्री घ्या, उघडी ठेवा, म्हणजे पाषाणाला दिसाल."

ढोल वाजला. धोंडा निघाला. खडक चढला, वळला, निळ्या छत्रीपाशी येऊन थांबला.

"माई!" बाबांनी कपाळाला हात लावला. "पोटात गाठ! आणि काळजातही गाठ, पतीनं टाकल्याची!"

गर्दीतून 'आह' निघालं. मिस्त्रीणबाई उठून उभी राहिली.

"माझं लग्नच झालेलं नाही, बाबा. पोटही ठणठणीत आहे. ही दोन्ही खोटी दुखणी मी अर्ध्या तासापूर्वी त्या पाणीवाल्या बाईला सांगितली. तुमच्या धोंड्याला ती कुठून कळली?"

ढोल थांबला. बाबांच्या तोंडावरचं हसू तिथंच गोठलं.

"आणि हा एवढा धोंडा. खरा असता तर मला हलवतासुद्धा आला नसता. बघा हं."

"हात लावू नकोस! रक्त ओकशील!"

तिनं वाकून दोन्ही हातांनी धोंडा धरला आणि कमरेपर्यंत उचलला. फायबरचा पोकळ साचा. झालर वाऱ्यावर फडफडली आणि खाली चार चाकं हवेत गरगर फिरत होती. कुणीतरी किंचाळलं, कुणीतरी हसलं. पुढची दोन चाकं डावीकडे वळली, मग उजवीकडे, मग पुन्हा डावीकडे, एखाद्या उताण्या पडलेल्या झुरळासारखी.

"घाबरू नका, यात काही शिरलेलं नाही," ती म्हणाली. "कुणीतरी अजून रिमोटची बटणं दाबतोय. भर उन्हात शाल पांघरून कोण बसलंय ते जरा बघा."

सगळ्यांच्या माना वळल्या. ढोलवाल्याच्या मागे शाल पांघरलेला गोडबोल्या उठायला लागला, पण शेजारच्या दोन बायकांनी त्याची शाल ओढली. रिमोट खडकावर खडखडत पडला. चाकं थांबली.

मिस्त्रीणबाईनं चार पिना काढल्या, साचा बाजूला फेकला आणि आतली गाडी डोक्यावर धरली. मोटर, बॅटरी, पितळेची कडी उन्हात चमकली.

"ही मी बनवली," ती म्हणाली. "कशासाठी ते न विचारता बनवली. माझ्या बहिणीनं हिच्यापायी औषध फेकलं आणि ती मरता मरता वाचली."

बाबा सावरले. "दैवी शक्तीलाही वाहन लागतं, मंडळी! वाहन दिसलं म्हणून शक्ती खोटी होते का?"

आणि किळस यावी ती इथेच: पाच-सहा जणांनी माना डोलावल्या. एक माणूस तिच्यावर ओरडला, "आमची श्रद्धा मोडून तुला काय मिळालं?" रडवेली झालेली एक बाई तो फायबरचा साचाच छातीशी कवटाळून बसली. मात्र बाकीचे हळूहळू उठून खड्ड्याकडे निघाले. कुणी गुडघ्यावर बसून पाकिटं चाळू लागलं, नातवाचा पंप शोधू लागलं. त्या धांदलीत बाबा मागच्या वाटेनं गाडीत बसून निघून गेले. झगा दारात अडकून फाटला, तेवढाच काय तो त्यांना त्रास. गोडबोल्याला मात्र लोकांनी पोलीस येईपर्यंत धरून ठेवलं.

एक निवृत्त पोस्टमन मिस्त्रीणबाईपाशी आला. त्यानं गाडीच्या चाकाला बोट लावून ते फिरवून पाहिलं.

"बायकोच्या हृदयाच्या गोळ्या मीच टाकल्या त्या खड्ड्यात," तो म्हणाला. "ती नको म्हणत होती. मीच म्हटलं, शंका घेऊ नकोस. अकराव्या दिवशी गेली. यानं गेली का हो ती? या खेळण्यानं?"

मिस्त्रीणबाईनं गाडी खाली ठेवली आणि त्याच्या शेजारी दगडावर बसून राहिली.

पंधरा दिवसांनी ताई घरी आली. आधी तिनं सुई टोचून घेतली, मग म्हणाली, "मला खाणीवर ने." तिथं अजूनही दूरगावची माणसं येत होती, बाबांचा पत्ता विचारत. ताई फाटकाशी खुर्ची टाकून बसली आणि येणाऱ्या प्रत्येकाला तेच सांगू लागली, अगदी साध्या आवाजात.

"मी शिकलेली आहे. तरी फसले, कारण मला सुयांचा कंटाळा आला होता आणि कुणीतरी गोड बोललं. ज्यानं माझा आजार ओळखला, त्याच्या पाणीवाल्या बाईला तो मीच दहा मिनिटं उभी राहून सांगितला होता. खड्ड्यातली औषधं उचलू नका, उन्हानं खराब झालीत. दवाखान्यात जा, डॉक्टरीणबाई नवीन लिहून देतील. आणि पुन्हा कुणी चमत्कार दाखवला तर विचारा: जवळून बघू देता का? उचलून बघू देता का? नाही म्हणाला तर उठा आणि घरी जा. तिथं देव नाही, आजारी माणसाच्या भीतीवर पोट भरणारा माणूस बसलाय."