साडेबेचाळीसचा गळा

मी झोपविकारांच्या तपासणीखोलीतली कापडी मोजपट्टी बोलतेय. मी चुकीचे माप सांगते, हे मला प्रथम कळले ते गेल्या मंगळवारी, सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी, शिवणकाम करणाऱ्या एका बाईंच्या तोंडून.

नऊ वर्षे माझे काम एकच. झोपेत श्वास अडत असल्याचा संशय असलेल्यांच्या गळ्याभोवती, कंठमण्याच्या किंचित खाली, मला वेढतात. जबडा आणि हनुवटीची मापे आधी होतात; शेवटी मी. पुरुषाचा घेर त्रेचाळीस सेंटिमीटरच्या वर गेला, की झोपेच्या तपासणीची चिठ्ठी मिळते. माप देताना माणसे पोट आत घेतात. का, ते मला उमगलेले नाही. दिवसाला वीस-पंचवीस गळे, आणि प्रत्येक वेळी ओढाताण. मी फार थकले आहे.

मंगळवारचा गळा शाळेची बस चालवणाऱ्याचा होता. चिठ्ठी मिळाली, तर निकाल येईपर्यंत त्याला बस चालवता येणार नव्हती.

"साडेबेचाळीस," तरुण डॉक्टर म्हणाले.

"बघ! उगाच माझ्या घोरण्याचा गावभर डंका," तो शेजारी उभ्या बायकोला म्हणाला.

"घोरण्याचं काही नाही हो. ते मध्येच थांबतं ना, त्यानं जीव जातो माझा. दुपारी तुम्ही आडवे झालात, की मशीन थांबवून ऐकत बसते मी." मग त्या डॉक्टरांकडे वळल्या. "साहेब, यांचे शर्ट मीच शिवते. चव्वेचाळीसची कॉलर गच्च बसते यांना. तुमची टेप ताणलीय."

डॉक्टरांचा चेहरा उतरला. त्यांनी मला पोलादी पट्टीवर अंथरले. माझे पन्नास तिथे जवळजवळ बावन्न भरले. बाईंनी पर्समधून स्वतःची टेप काढून दिली. चव्वेचाळीस.

"माझ्या पोटावर पाय देतेस?"

"शिलाईवर भागवू काही दिवस. तुमच्या मागं चाळीस पोरं बसतात."

त्याने कॉलरचे बटण लावून पाहिले; ते गच्च बसले. मग म्हणाला, "लिहा साहेब, चिठ्ठी लिहा."

आता मी 'वापरू नये' अशा चिकटपट्टीखाली पडून आहे. एक्केचाळीस ते त्रेचाळीस अशी नोंद झालेल्या सर्वांना डॉक्टर पुन्हा बोलावत आहेत. तुमच्या कागदावर तसा आकडा असेल, तर कृपया फोनची वाट पाहू नका, या.

किती मागे जायचे, असे ते रोज स्वतःला विचारतात. मी ताणली गेले हे सिद्ध झाले. नेमके केव्हापासून, याची खात्री मला कधीच करता आली नाही.