एका पायाचा बगळा

सुमेधाचे वडील धम्मपाल शहागडला ट्रकांच्या पाठीवर अक्षरं रंगवायचे आणि उर्दूत नज्मा, म्हणजे कविता लिहायचे. उर्दू त्यांना घड्याळं दुरुस्त करणाऱ्या कासिम उस्तादांनी शिकवली. उस्तादांचा एकच दंडक होता, स्वतः पाहिलं नाही ते कागदावर उतरवायचं नाही. म्हणून बाबांच्या नज्मेत चंद्रासारखा चेहरा कधी आला नाही. आली ती डबक्यात थरथरणारी धाब्याची ट्यूबलाइट, ओल्या रंगाला चिकटलेली माशी.

मग साखरेच्या आजारानं बाबांचे डोळे गेले. दोन वर्षं वही बंद. बाळंतपणाला माहेरी आलेल्या सुमेधाला ते बघवेना.

"बाबा, मी बघते, तुमी सांगा."

रोज संध्याकाळी ती लेकीला काखोटीला मारून पुलावर जायची, घरी येऊन नदी सांगायची. ते त्यातून नज्म जुळवायचे आणि म्हणायचे, "लिही."

होळीनंतर गोदावरी आटली. पात्रात वाळू भरायला ट्रॅक्टर हिंडू लागले. हे बाबांना सांगायला तिची जीभ रेटेना. त्यात लेकीला दात येत होते, पोर घडीभर खाली राहीना. सुमेधानं पुलावर जाणंच सोडलं. लंगोट धुता धुताच ती मनानंच नदीचं पाणी सांगू लागली. काठाला एक बगळा उभा केला. सूर्य बुडताना त्याचा एकच पाय लाल दिसतो, म्हणाली.

"एकच पाय!" बाबा हरखले. "सुमे, उस्ताद असते तर उठून उभे राह्यले असते."

ती नज्म त्यांनी सुमेधाला सोबत नेऊन अंबडला, शायरांच्या बैठकीत, तोंडपाठ म्हटली. वाहवा झाली. तेवढ्यात ऐकायला आलेला राधेश्याम ट्रॅक्टरवाला मागून ओरडला, "धम्मपालभौ, शहागडला पाणी कव्हा आणलं वो? मी आत्ताच पात्रातून आलो, चप्पल बी भिजली न्हाई!"

सगळे हसले. बाबाही हसले आणि खाली बसले.

परतताना जीपमध्ये त्यांनी विचारलं, "कव्हापासून?"

"होळीपासून."

"मंग बगळा?"

सुमेधा लेकीच्या टोपड्याची नाडी सोडत-बांधत राहिली. "तुमाला बरं वाटावं म्हणून, बाबा..."

"चांगला केल्ता बगळा," ते म्हणाले. "पर तो तुझा. मी माझा म्हणून सांगितला."

दुसऱ्या दिवशी ते म्हणाले, "मला पात्रात ने."

लेकीला खांद्यावर टाकून तिनं त्यांना हात धरून उतरवलं. ते वाळूत बसले. ट्रॅक्टरच्या चाकोरीत हात घातला, कड चाचपली, एक शिंपला अंगठ्यानं घासत राहिले. ती वही उघडून वाट बघत होती.

"खोल हाय," ते म्हणाले. "गरम हाय. पर दिसत न्हाई गं काईच."

"मी सांगते ना, बाबा. आता जसंच्या तसं सांगते. चाकोरीच्या एका बाजूला सावली..."

"नको." चाचपडत त्यांनी तिच्या मांडीवरची वही मिटली. "तू खरं तेच सांगशील. पर मी दर बारीला विचारणार, खरं का? आसं विचारत विचारत नज्म व्हईल का, सुमे?"

लेक जागी होऊन कुरकुरू लागली. ते सुमेधाचा खांदा धरून उठले.

"चल. तिला ऊन लागून राह्यलं."