एव्हर्टने फुकट दिलेला बाक

मित्रांनो, दारातून आत आल्यावर टेकायला आणि बूट काढायला जो ठेंगणा बाक असतो ना, तो मी. आता जुना झालो आहे. माझी बैठक माणसांच्या बसण्याने गुळगुळीत झाली आहे आणि माझा एक पाय बाकीच्या तिन्हींहून रंगाने वेगळा दिसतो. त्या पायाची हकिगत म्हणजेच माझी हकिगत.

माझा जन्म स्वीडनमधल्या एका तळ्याकाठच्या गावात, एव्हर्टच्या शेडमध्ये झाला. एव्हर्टने जन्मभर बस चालवली. निवृत्त झाल्यावर त्याला सुतारकामाचा नाद लागला. हात चांगला होता, पण धीर नव्हता. नाताळच्या आत मला शेजारणीला भेट द्यायचंच, असं त्याने मनाशी ठरवलं आणि बर्चचं लाकूड पुरतं वाळायच्या आधीच माझे पाय बसवून टाकले. लाकूड ओलं आहे हे मला तेव्हाच जाणवत होतं, पण बाकाचं कोण ऐकतं!

त्याची बायको सिव ऐनवेळी टोमणा मारायला तयारच असायची. "अरे, सगळं गाव बाकांनी भरलंस. दोन-चार विक की! फुकट ते पौष्टिक म्हणून घेतायत लोक."

"पैसे घेतले की दुकान झालं," एव्हर्ट म्हणाला. "आणि आजवर एका माणसाने तरी माझ्या कामाला नाव ठेवलंय का?"

"फुकटच्याला कोण नाव ठेवणार? धर्माची गाय आणि दात का गं नाय!"

एव्हर्ट हसला. मला काखोटीला मारून तो शेजारच्या गुनव्हरकडे गेला. गुनव्हर एकटी राहायची. कुणाचं देणं अंगावर ठेवायचं नाही, ही तिची जन्माची सवय. मला पाहून तिने गालांना हात लावले. "अरे देवा, किती सुंदर! पण कशाला एवढं!" आणि आठवड्याच्या आत तिने एव्हर्टला जाड लोकरीचे मोजे विणून दिले. फिट्टंफाट झाली.

मला फार अभिमान वाटला. दाराशी, खिडकीखाली माझी जागा. रोज सकाळी ती माझ्यावर बसून बूट चढवायची. पण घरातल्या शेगडीच्या उबेने माझं ओलं लाकूड सुकू लागलं, आकसू लागलं, आणि डावीकडचा एक पाय भोकात खुळखुळू लागला. एके सकाळी गुनव्हर एक बूट घालून दुसऱ्यासाठी वाकली आणि तो पाय निसटला. ती हातावर पडली. किती तरी वेळ तिला उठता येईना. मित्रांनो, मला तेव्हा वाटलं की शेगडीत गेलो असतो तर बरं.

तिने मनगट बांधून घेतलं आणि एव्हर्टला सांगितलं, "पायरीवर बर्फावरून घसरले."

बिचारा एव्हर्ट! तो उरलेला सगळा हिवाळा रोज सकाळी, पाय घसरू नये म्हणून, तिच्या पायरीवर वाळू टाकत राहिला. आणि मी तळघरात, बटाट्यांच्या पोत्याखाली.

तरी माझं पूर्ण विस्मरण झालं नाही. आमच्याकडे फोन केल्याशिवाय कुणी कुणाच्या दारात उभं राहत नाही. एव्हर्टचा फोन आला की गुनव्हर धावत खाली यायची, मला पुसायची, पाय ठोकून बसवायची, खाली पुठ्ठ्याचा तुकडा सरकवायची आणि भिंतीला टेकवून वर फुलाफुलांची उशी ठेवायची. एव्हर्ट अलगद बसायचा, बूट काढायचा, मला प्रेमाने थोपटायचा. पायात तिनेच दिलेले मोजे असायचे आणि हा माणूस सारखे घोटे खाजवत असायचा. तो गेला की मी पुन्हा खाली. हे मला आवडत नव्हतं. कौतुक माझं होत होतं, पण उपयोग काहीच नव्हता.

पुढच्या हिवाळ्यात एव्हर्ट गोठलेल्या तळ्यावर मासे धरायला गेला. पुष्कळ मिळाले. गुनव्हरचा दिवा दिसला, फोन घरी राहिला होता, मासे ताजे होते. तो तसाच दारात आला.

"बाक कुठाय?" माझ्या जागी प्लास्टिकचं खोकं उपडं घातलेलं पाहून त्याने विचारलं.

"अं... धुवायला काढलाय."

"बाक? धुवायला?"

तो खोक्यावर बसला आणि बूट काढले. पायात दुकानातले पातळ मोजे होते. गुनव्हर त्यांच्याकडे बघत राहिली. एव्हर्टने पाय खोक्यामागे घेतले. मग घाईघाईने म्हणाला, "माशांबरोबर बटाटे हवेत. मी आणतो, तुझ्या मनगटाला त्रास नको." ती थांबवेपर्यंत तो तळघरात उतरलासुद्धा.

त्याने पोतं उचललं आणि मी दिसलो. त्याने मला उलटं केलं. पुठ्ठा पाहिला, पाय हलवून पाहिला. त्याचा चेहरा उतरला. मला घेऊनच तो वर आला.

"तू बर्फावर पडली नव्हतीस."

"नाही."

"मग सांगितलं का नाहीस? डोकं आपटलं असतं तर? गावात माझे किती बाक आहेत, गुनव्हर! सगळी म्हातारी माणसं बसतात त्यांच्यावर!"

"फुकट दिलेल्या वस्तूला नावं कशी ठेवू? विकत घेतला असता ना, तर दुसऱ्या दिवशी तुझ्या दारात येऊन भांडले असते." ती थांबली. "आणि तू तरी कुठे सांगितलंस? मोजे टोचतात ना?"

"फार," एव्हर्ट म्हणाला. दोघांनाही हसू आलं, पण एव्हर्टचं हसू टिकलं नाही.

गुनव्हरने पर्समधून एक नोट काढून टेबलावर ठेवली. "घे. आता मी गिऱ्हाईक. आता मला बोलू दे." आणि ती बोलली! पाय सैल, बैठक अरुंद, उंची जास्त, कड मांडीला रुतते. एव्हर्टची कॉफी गार झाली. तो कान लाल करून ऐकत होता, पण एकदाही मध्ये बोलला नाही.

दुसऱ्या दिवसापासून तो घरोघर फिरला. कुणाला काही विचारलं नाही, कारण सगळे "छानच आहे" म्हणाले असते. सरळ बाक उलटे करून पाहिले आणि त्यातले चार दुरुस्तीसाठी आपल्या शेडमध्ये नेले. मला त्याने पूर्ण वाळलेल्या लाकडाचा नवा पाय बसवला, वरून पाचर मारली, सगळे पाय बोटभर कापले, कड गोल केली. या वेळी त्याने घाई केली नाही. वसंत आला तेव्हा मी गुनव्हरच्या दारात परत आलो.

ती बसली. उठली, पुन्हा बसली, मुद्दाम जोरात हलली. "आता बरोबर आहे," ती म्हणाली. इतकंच. पण एव्हर्टचे डोळे भरून आले. इतक्या वर्षांच्या "किती सुंदर"ने ते कधी भरले नव्हते.

त्याने ती नोट खिशातून काढून तिच्या हातात ठेवली. "मागच्या वेळी मी हा तुझ्यावर लादला होता. आज देतोय."

गुनव्हर सवयीने स्वयंपाकघराकडे वळली, बदल्यात काय देता येईल ते बघायला. अर्ध्या वाटेत थांबली. परत आली, नोट घडी करून ठेवली आणि म्हणाली, "बरं. घेतला."

मित्रांनो, जन्मात पहिल्यांदाच तिने परतफेडीशिवाय काही घेतलं होतं. तेव्हापासून एव्हर्ट काही बाक विकतो, काही देतो. तुम्हीही हाताने केलेली वस्तू विका किंवा वाटा, मला दोन्ही सारखंच. पण देऊन झाल्यावर पाठ फिरवू नका. एकदा परत जा, तिच्यावर बसून बघा आणि घेणाऱ्याला खरं बोलू द्या. आणि कुणी प्रेमाने काही दिलं आणि ते हलत असेल, तर त्याला सांगा. आमच्यासारख्यांना तळघरात ठेवू नका. तिथे फार अंधार असतो.