बदवीचा मांडव

दसूक शहराच्या अलीकडे, नदीकाठी आमचं गाव. तिथं कुणी वारलं की घरातला एक जण कबर खोदणाऱ्याकडे धावायचा, दुसरा बदवीकडे, ज्याला सारे मुअल्लिम म्हणजे उस्ताद म्हणत, आणि तिसरा माझ्याकडे. मांडव बदवीचा, त्यात कुराण वाचणारा मी. भेटायला येणाऱ्यांना बसायला खुर्च्या हव्यात, डोक्यावर कापड हवं, आणि खुर्च्या, कापड, खांब, कर्णे सगळं गावात त्या एकट्याकडे.

कापड मात्र नजर खिळावी असं. त्याच्या बापानं लाल-निळ्या तुकड्यांची नक्षी हातानं शिवून घेतलेली. दिवे लागले की गरिबाच्या दारालाही शोभा यायची.

बदवी चहाखान्याच्या दाराशी हुक्का ओढत बसायचा. समोर माणूस रडवेला होऊन उभा असला तरी उठायचा नाही.

“मुअल्लिम, वडील गेले हो.”

“बरं. मग घाई कसली एवढी? मेलेला कुठं पळून चाललाय का?”

शेजारी बसलेले हसायचे. मी एकदा म्हटलं, “बदवी, दोन शब्द गोड बोलायला काय जातं तुझं?”

“शेख, तुम्ही आपलं वाचायचं काम बघा. माझ्याकडे नाही येणार तर जातील कुठं? नदीत?”

इन्साफबाई आमच्या शाळेत शिकवायच्या. खमासीनचा धुळीचा वारा सुटला होता, त्यात त्यांचा तरणा मुलगा मोटारसायकलवरून पडून गेला. बदवीनं त्यांच्या भावाला “येतो” म्हणून सांगितलं होतं. दफन झालं, सूर्य मावळला, माणसं जमायला लागली, तरी दारात एक खांब नाही. त्याच दुपारी तांदळाच्या गिरणीवाल्याची आई गेली होती आणि बदवीनं सगळं सामान तिकडे वळवलं होतं.

शेवटी बाई स्वतः घराबाहेर पडल्या. काळ्या कपड्यांत, एकट्या, चहाखान्यापर्यंत चालत आल्या. मी तिथंच होतो, मांडवाचं काय झालं ते विचारायला आलेलो.

“मुअल्लिम, माणसं रस्त्यावर उभी आहेत.”

“गिरणीवाल्यांकडे आज मोठे लोक यायचेत, बाई. तुमच्याकडे कोण? मास्तरच ना? दिवसभर वर्गात उभे राहतात, आणखी तासभर राहतील.”

या वेळी कुणी हसलं नाही. बाई एवढंच म्हणाल्या, “माझा एकच मुलगा होता.” आणि माघारी वळल्या.

शेजाऱ्यांनी आपापल्या घरांतून खुर्च्या, बाकं, दिवाणसुद्धा आणले. दोऱ्या ताणून त्यांवर पलंगाच्या चादरी टाकल्या. वाऱ्यानं त्या फाडल्या. माझ्या तोंडात धूळ जात होती, कुराणाची आयत मधेच तुटत होती आणि लोक चादरींची टोकं हातांत धरून उभे होते.

महिन्याभरात नदीपलीकडचा मांडववाला शलबी गावात यायला लागला. प्लास्टिकच्या खुर्च्या, साधं हिरवं कापड, नक्षीचं नाव नाही. पण तो स्वतः यायचा. आधी घरच्यांपाशी बसून दुःखाचे दोन शब्द बोलायचा, मग खांब उतरवायचा, आणि दिवस मावळायच्या आत पुसलेल्या खुर्च्या मांडून मोकळा व्हायचा. पहिल्यांदा त्याला शाळेच्या मास्तरांनी बोलावलं, मग त्यांच्या गल्लीनं, मग पुढच्या गल्लीनं.

“प्लास्टिकवर बसून रडणार होय?” बदवी म्हणाला. “चार दिवसांत झक मारत परत येतील.”

कुणी परत आलं नाही. भांडलंही नाही. भेटल्यावर सलाम करायचे, तब्येत विचारायचे, पुढे जायचे. त्याचे गडी एकेक करून शलबीकडे लागले.

एकदा मासेवाल्याच्या घरी मयत झाली, तेव्हा बदवी न बोलावता गेला. म्हणाला, “पैसे नकोत. फक्त कापड लावू द्या.”

“अल्ला तुमचं भलं करो, मुअल्लिम. व्यवस्था झालीय.” आणि भेटायला आलेल्या कुणालाही देतात तशी बिनसाखरेची कॉफी त्यांनी त्याला दिली.

परतताना तो मला म्हणाला, “शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं, शेख.”

त्या हिवाळ्यात त्याचा मुतवल्ली नावाचा थोरला भाऊ गेला. दोघांत फार माया. बदवीनं स्वतः वखारीचं कुलूप काढलं, कुबट वासाचं कापड हातगाडीवर लादलं आणि एकटाच ढकलत भावाच्या दारी आला. तिथं हिरवा मांडव उभा होता. पुतण्या नबीह खाली मान घालून पुढे आला.

“काका, रागावू नका. अम्मीच म्हणाली, शलबीला सांग. सकाळीच सांगून झालं.”

बदवीनं गाडी भिंतीला लावली आणि मांडवाच्या तोंडाशी घरच्यांच्या रांगेत जाऊन उभा राहिला. लोक येत होते, त्याचा हात हातात घेत होते. वारा वाढला तसा कोपऱ्यातला एक खांब डुलायला लागला. शलबी बदवीपाशी आला, अदबीनं.

“मुअल्लिम, तुमचा हात या कामात मुरलेला. नदीकडच्या वाऱ्याला हा कसा बांधायचा, जरा सांगाल?”

बदवीनं त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

“तुझा खांब आहे. तू बघ.”

शलबी “बरं” म्हणाला आणि स्वतःच शिडी लावून वर चढला. मी पुढचं वाचायला सुरुवात केली.

दुसऱ्या दिवशी बदवी माझ्याकडे आला. दाढी वाढलेली.

“शेख, शलबी चांगल्या मनानं विचारत होता ना?”

“हो.”

“मग मी असं का बोललो?”

मी चहाचा पेला त्याच्यापुढे सरकवला. चहा निवून गेला, तो त्यानं तसाच ठेवला आणि उठून घरी गेला.